एका मारात न उठणारा चेहरा

केरू गमरे मुंबईच्या टांकसाळीत कामाला होता, एवढं गावात सगळ्यांना माहीत होतं. तिथे तो नेमकं काय करायचा हे मात्र कुणाला नीट सांगता आलं नसतं. कुणी म्हणायचं, पैसे पाडतो. कुणी म्हणायचं, पैशावरचे वाघ काढतो. ते वाघ नाहीत, सिंह आहेत, हे केरूने एकदोनदा सांगून बघितलं आणि मग सोडून दिलं. देवरूखच्या पलीकडे डोंगराला टेकलेलं ते गाव. तिथे लोकांनी वाघ बघितलेला होता, सिंह कुणी बघितला नव्हता. केरूनेही नव्हता.

तो भट्टीवर लागला तेव्हा आणे जाऊन नवे पैसे येत होते. पोलादाचे ठसे तापवायचे, तेलात बुडवायचे, पुसून ठेवायचे, असं त्याचं काम. ठशाला तिथे सगळे डाय म्हणत. पुढे कोरणाऱ्यांच्या खोलीत एक जागा रिकामी झाली आणि तिथल्या मास्तरांनी भट्टीवरच्या माणसांतून केरूला उचललं. का उचललं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. हात थरथरत नाही म्हणून, असं मास्तर एकदा बोलले होते. पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल बोलले असतील, असंही त्याला वाटत राही.

त्या खोलीत अख्खं नाणं असं कुणाचंच नसे. वर चित्रकार प्लॅस्टरमध्ये मोठा नमुना करत, यंत्र तो लहान करून पोलादावर उतरवी, आणि यंत्राला जे जमलं नाही ते भिंगाखाली, बारीक टोच्याने, माणसं पुरं करत. एकाकडे आकडे. एकाकडे काठावरचे मणी. केरूकडे सिंहाची आयाळ. बरीच वर्षं तो आयाळच करत होता. डायमध्ये सगळं उलटं असतं. जे वर यायचं ते आत खणायचं, उजवीकडचं डावीकडे. मधून मधून मेणमाती दाबून बघायची, काय उठतंय ते. यंत्राच्या एका मारात नाण्यावर सगळं उठायला हवं, म्हणून उठाव बेताचा ठेवायचा. सुट्टीवर गावी आला की पोरं त्याच्यापुढे नाणी धरत, ह्यातलं तुमचं काय म्हणून विचारत. तो नखाने दाखवी. नखाखाली जेवढं झाकलं जाई त्याहून ते लहान असे, आणि नख उचलल्यावर पोरांना काहीच दिसत नसे.

ती नाणी आता कुठे चालत नाहीत. केरू नव्वदीला टेकला आहे. रत्नागिरीत कुवारबावला मुलीकडे, सुनंदाकडे, असतो. सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून देतात, तिथे बसतो. जावयाने, प्रमोदने, हातात नवं नाणं दिलं तर त्याच्या काठावरून अंगठा फिरवतो आणि परत करतो. आवडलं की नाही ते कळत नाही. सुनंदाला कधी सुनंदा म्हणतो, कधी आक्का. आक्का ही त्याची बहीण. ती जाऊन पुष्कळ वर्षं झाली.

ह्या माणसाने जन्मात एकच चेहरा अख्खा कोरला, असं घरात सगळे धरून चालले होते. तो त्याच्या बायकोचा, काशीचा.

काशी तापाने गेली तेव्हा सुनंदा अंगावर पीत होती. केरू मुंबईहून आला तोवर सगळं आटोपलं होतं. काशीचा फोटो नव्हता. फोटो काढायचा तर देवरूखला जायला हवं होतं, आणि जायला काहीतरी कारण हवं होतं. केरू मुलीला आक्काच्या ओटीत घालून परत गेला. पुढच्या मे महिन्यात आला तेव्हा त्याने फडक्यात गुंडाळलेला एक पोलादाचा तुकडा आणला. मुठीत मावेल एवढा, जड, गोल. त्याच्या एका बाजूला आत खोल गेलेलं एक बाईचं तोंड होतं, एका अंगाने दिसणारं.

"ही काशी," तो आक्काला म्हणाला. "पोरीला दाखव मोठी झाली की."

टांकसाळीतून कामगाराला सुईसुद्धा बाहेर नेता येत नसे, दारावर झडती असे. तेव्हा हे त्याने तिथे केलेलं नव्हतं. भंगारातून पोलाद घेऊन, राहत्या खोलीत, आपल्या हत्यारांनी केलं होतं. एवढं नक्की होतं.

सुनंदाला त्या तुकड्यात चेहरा दिसत नसे. खड्डा दिसे. मग आक्का भाकरीला तांदळाची उकड काढी तेव्हा ती एक गोळा घेऊन त्यात दाबी. उकडीवर आई वर येई. पोलादातली आई डावीकडे बघे, उकडीतली उजवीकडे, आणि आपली खरी आई कुठे बघत होती हे त्या पोरीला कळत नसे. उकड गरम. बघता बघता नाक बसे, कपाळ पसरे.

"आते, हीच ना गो माझी आवस?" ती विचारी.

"बापसानं केलान म्हंजे तीच," आक्का म्हणे आणि गोळा भाकरीत थापून टाकी.

"आवशीला भाजू नको गो!"

"भाजू नको तर काय कच्ची खातेस?"

सुनंदा शिकली, शाळेत बाई झाली, गावोगाव बदल्या झाल्या, निवृत्त झाली. तो तुकडा साड्यांच्या घडीत बरोबर फिरला. वर्षातून एकदा ती त्याला तेल लावी. उकडीचा खेळ सुटला होता. पण वडील घरी राहायला आले, माणसं विसरायला लागले, आणि तिला एक घाई लागली. आईला जवळून बघितलेलं असं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते रोज थोडं थोडं पुसत चाललं होतं. तो चेहरा एकदा नीट, घट्ट, न पसरणारा असा वर काढायचा, बाबांसमोर धरायचा, आणि त्यांनी हो म्हणायचं. मग तो भिंतीवर लावायचा. तिला एवढंच हवं होतं.

तिची मुलगी रसिका मारुती मंदिराजवळ दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. तिने एका संध्याकाळी तुकडा लॅबमध्ये नेला आणि दाताचं पिवळं प्लॅस्टर त्यात ओतून दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा घेऊन आली.

"केस न् केस आलाय बघ, आई," ती म्हणाली. "आजोबांचा हात काय होता!"

सुनंदाने तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. चष्मा पुसला. पुन्हा घातला. बाई चांगली होती. कपाळ रुंद, नाक सरळ, ओठ मिटलेले. बघितल्याबरोबर आत काहीतरी हलेल असं सुनंदाला वाटलं होतं. काहीच हललं नाही. आणि तरी ही बाई आपण बघितलेली आहे, असंही वाटत होतं. एसटीत, बाजारात, शाळेच्या गेटवर पोराला न्यायला आलेल्या बायांत, कुठेतरी.

"आपल्या पोस्टातल्या बाईंसारखी दिसते," प्रमोद म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा."

"अगं, चांगल्या अर्थाने म्हणतोय."

चेहरा केरूपुढे नेला. त्याने तो हातात घेतला, आधी पाठ बघितली, मग कड, मग उजेडाकडे तिरका धरून नाकावरून अंगठा फिरवला.

"उठाव जास्त झाला," तो म्हणाला. "एका मारात उठनार नाय."

"बाबा, कोण आहे ही?"

"दोन मार द्याला लागतील. डाय फुटंल मग."

"पण कोण? आई ना?"

केरूने तिच्याकडे बघितलं. प्रश्न दुसऱ्या कुणाला विचारलाय की काय, अशा नजरेने. "काशी नाय ती," तो म्हणाला.

दुपारी जेवण झाल्यावर तिने पुन्हा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "काशीच. दुसरी कोन असनार?" आणि संध्याकाळी, न विचारता, "मास्तरांना दाखवलाव का?"

त्या तिन्ही उत्तरांतलं कुठलं धरायचं ते सुनंदाला कळेना. सकाळचं धरावं तर इतकी वर्षं आपण कुणाला तेल लावत होतो? दुपारचं धरावं तर ते तिने तोंडात घालून वदवून घेतल्यासारखं होतं. शाळेत मुलांकडून उत्तर असं काढून घेता येतं, हे तिला चांगलं माहीत होतं.

"त्यांच्या बरोबरचं कोणी आहे का अजून?" रसिकाने विचारलं.

होता. एक बाबल्या होता. मुंबईत गावाने मिळून एक खोली घेतलेली असे. वाडीतले कामाला गेलेले पुरुष सगळे त्यात राहत, पाळीने झोपत, एकच माणूस सगळ्यांचं रांधे. केरूची उभी नोकरी त्या खोलीत गेली. बाबल्याने त्याच्या शेजारी वर्षानुवर्षं वळकटी पसरली होती. आता तो गावी असतो.

रविवारी दोघी गाडी काढून गेल्या. संगमेश्वर सोडल्यावर सुनंदा म्हणाली, "ते नाही म्हणाले तर?"

"कोण? बाबलआजोबा?"

"मग मी काय करायचं?"

रसिकाने गिअर बदलला. पुढे वळणं होती.

बाबल्या पडवीत बसून कोकमासाठी रातांबे फोडत होता. हात मनगटापर्यंत लाल. जय भीम झालं, पाणी झालं, केरूची चौकशी झाली. सुनंदाने पिशवीतून चेहरा काढला.

"हात लावनार नाय हां मी, लाल व्हईल. तूच धर उजेडात," तो रसिकाला म्हणाला. मग मान मागे घेऊन त्याने डोळे बारीक केले, आणि एकदम हसला. "आयला! जित्ती हाय अजून?"

"ओळखलंत?" सुनंदा पुढे सरकली. "काका, आईच ना?"

"आई?" बाबल्याचं हसणं जागच्या जागी थांबलं. तो रातांब्याच्या टोपलीकडे बघायला लागला. "तुला बापसानं काय सांगितलान?"

"ही काशी म्हणून आतेला सांगितलं होतं."

"मग बरोबर. तसा तो काशीच करीत व्हता."

"तसं म्हणजे कसं?"

बाबल्याने एक रातांबा फोडला, बिया एकीकडे टाकल्या, साल एकीकडे. "आता बग पोरी. तुजा बापूस वर्साला सुट्टीवर यायचा किती? आनि घरात काशीला सासू-सासरा, दीर. दिवसा नवऱ्यानं बायकूकडं टक लावून बगायची रीत नव्हती. ती चुलीपुढं पाठ करून बसलेली, हा उंबऱ्यात. राती दिवा इजवायचा, रॉकेल कुठं व्हता? ती गेल्यावर हा मुंबयला आला, पोलाद घेऊन बसला, आनि मंग त्याला कळला. त्याला तोंड येईना."

"म्हणजे?"

"आटवंना. सगळा मिळून आटवायचा, पन नाक कसा म्हनशील तर येईना. मंग तो आमाला विचारायला लागला. आमी सगळे गावचेच ना. बाबल्या, काशीची हनवटी कशी व्हती रं? आता मी काय सांगू? दुसऱ्याच्या बायकूची हनवटी मी कशाला बगतोय? वाटंत भेटली तर मान खाली घालून जायची ती आनि मान खाली घालून जायचा मी. पन तो असा विचारायचा, नाय म्हनवत नव्हता. माजा त्याच वर्साला लगीन झालेला. मी सांगितली."

"काय सांगितलंत?"

बाबल्याने आत बघितलं आणि आवाज खाली आणला. "शेवंतीची सांगितली."

दारात त्याची बायको शेवंती उभी होती. ती कधी आली कुणाला कळलं नव्हतं. म्हातारी, वाकलेली, पण हनवटी तशीच, टोकाला किंचित पुढे आलेली, मध्ये बारीक खळगा. सुनंदाने तिच्याकडे बघितलं, मग प्लॅस्टरकडे, मग पुन्हा तिच्याकडे. शंकेला जागाच नव्हती.

"काय सांगितलीत माजी?" शेवंती म्हणाली.

"काय नाय. जा तू, च्या ठेव."

"साठ वर्सं संसार केलाव, एका दिवसानं बोललात नाय हनवटी बरी हाय म्हनून. आनि मुंबयला जाऊन दुसऱ्याच्या बायकूला दिलीत?"

"अगो, त्याची बायकू मेलेली!"

"मेलेलीला लागती, जितीला नाय?"

रसिकाला हसू आवरेना. सुनंदा हसली नाही. "काकी, तुम्ही आईला बघितलं होतं?"

"नाय गो बाय. मी ह्या घरात आले ती गेल्यावर. तुलाच बगत व्हते, आक्काच्या कडंवर."

"आणि नाक?" सुनंदाने बाबल्याला विचारलं.

नाक एकाने सांगितलं होतं, तो आता नव्हता; त्याच्या बहिणीचं असावं, लग्न होऊन ती लांब दिली होती. कपाळ रांधणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितलं. तो म्हणाला, माझ्या आईसारखं होतं काशीचं कपाळ. त्याने काशीला बघितलेलं तरी होतं की नाही देव जाणे. कामावरून आले की सगळे केरूभोवती बसत. तो मेणमाती दाबून दाखवी, आणि एकेक जण म्हणे, इथे थोडं खाली घे, इथे भर. खोटं बोलतोय असं कुणाला वाटत नव्हतं. ज्याला जे आठवत होतं ते तो सांगत होता.

"तुमी समदे मिळून त्याला फशिवलात," शेवंती म्हणाली.

"फशिवला कुठं? तो म्हनालाच की शेवटी, हां, हीच. रडला पन."

"ओठ?" सुनंदाने विचारलं.

"ओटाचा कोन बोलनार? लाजले सगळे. ते त्यानंच काय तरी काढलान. आपले मिटवून टाकलान." बाबल्या थांबला. लाल बोट प्लॅस्टरच्या जवळ नेऊन, न टेकवता, त्याने कानापाशी धरलं. "ह्यो मात्र कुनाला विचारलान नाय. ह्यो आदी केलान. बाकी पोलाद कोरा आनि मधीच एक कान. आमी हसायचो, कानापास्ना कोन सुरुवात करतो? तो म्हनायचा, ह्यो मना म्हायती हाय."

परत येताना सुनंदा चेहरा मांडीवर घेऊन बसली होती. फडकं बाजूला झालं होतं. हातखंब्याला रसिकाने चहाला गाडी थांबवली तरी ती उतरली नाही.

"आई, मग हा लावायचा ना भिंतीवर?"

"कुणाचा म्हणून लावू?"

"आजीचा. आजोबांनी तिचाच केला ना?"

"जिची हनवटी, ती तर आत्ता चहा देत होती."

"अगं पण—" रसिकाने लॅबमध्ये किती माणसांच्या दातांचे साचे बघितले होते. जबडा एकाचा, दात कंपनीचे, आणि तोंडात बसवल्यावर घरचे म्हणतात, हां, आता आमचे बाबा दिसतात. हे सांगावं की नाही, तिला कळेना. तिने चहा संपवला.

केरू दुसऱ्या दिवशी सकाळी गॅलरीत बसला होता. आंघोळ झालेली, केस ओले. सुनंदा त्याच्यासमोर स्टूल घेऊन बसली. कालपासून तिने त्याला काही विचारलं नव्हतं. काय विचारायचं तेच ठरत नव्हतं. माणसाला बायकोचा चेहरा आठवत नसेल, तर तो बायकोला ओळखत होता की नव्हता? आणि दहा जणांनी आपापलं आणून घातलेल्या तोंडाला तो हीच म्हणाला, रडला, ते कुणासाठी? तिला वडिलांचा राग येत होता असं नाही. राग करायला समोर कुणीतरी नक्की असं लागतं.

तिने प्लॅस्टर मांडीवर धरलं आणि तळव्याने कपाळ, नाक, ओठ, हनवटी सगळं झाकलं. फक्त कान उघडा ठेवला. लहानसा कान होता, वरची कड थोडी आत दुमडलेली, पाळी गालाला चिकटत आलेली.

"बाबा, हा कुणाचा?"

केरूने वाकून बघितलं. ह्या वेळी त्याने ते हातात घेतलं नाही, कड तपासली नाही, उठावाबद्दल काही बोलला नाही. बराच वेळ बघत राहिला. मग हात पुढे करून त्याने सुनंदाची हनवटी दोन बोटांत धरली आणि तिचं तोंड एका बाजूला वळवलं, उजेडाकडे. तिच्या कानावर आलेले पांढरे केस त्याने बाजूला केले आणि त्या कानाच्या, तशाच आत दुमडलेल्या, कडेवरून अंगठा फिरवला. बोटं थरथरत नव्हती.

"बाबा?"

"हलू नको," केरू म्हणाला.

तिला समोर आता फक्त शेजारच्यांचा माड आणि वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. बाबा कुठे बघतायत, काय बघतायत, ते दिसत नव्हतं. मान अवघडायला लागली. रसिका कामावर निघता निघता दारात आली आणि थबकली.

"काय म्हणाले गं?" तिने हळूच विचारलं.

सुनंदाने ओठ न हलवता सांगितलं, "थांब." आणि तोंड तसंच उजेडाकडे धरून ती बसून राहिली.